तरफेच्या तारा

माझ्या टेबलावर तीन यंत्रं.
काळं रेशनचं, पांढरं पेन्शनचं,
तिसरं कारागीर कार्डाचं, त्याची वायर
चिकटपट्टीनं धरून ठेवलीय म्हणून चालतं.
तिघांच्या काचेत एकच लाल उजेड
आणि तिघांत बोलणं नाही,
वाटणीनंतरच्या जावांसारखं.

मिरजेत, दर्ग्यामागच्या बोळात माझं केंद्र.
समोर बाबालाल शिकलगार तंबोरे करतात.
चपडा, स्पिरिट, काचपेपर, कानस.
अंगठ्यावरच्या रेघा
कुठल्या कुठल्या भोपळ्यांवर झिजून गेल्या,
हिशेब नाही.

रेशनला ते बाबालाल,
पेन्शनला बाबुलाल,
कार्डावर नुसते बी. एच., जन्मसाल दोन वर्षं पुढचं.
काळ्यानं ओळखलं तर पांढरं म्हणे, पुन्हा ठेवा.
पांढऱ्यानं ओळखलं तर तिसऱ्याची लाईन गेलेली.
डोळा दाखवावा, तर मोतीबिंदू नुकताच काढलेला,
हिरवी पट्टी.
"मी तोच हाय," ते यंत्राला सांगायचे.
मला नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून निगुडकर मॅडम आल्या.
म्हणाल्या, आता सगळी खाती एका भाषेत बोलतील,
ठसा एकदाच, एका मापात,
यंत्र कुणाचंही असो.
बाबालाल दारात उभे होते.
"म्हंजे पट्टी ठरवली म्हणा की.
आधी पट्टी ठरवायची, मग खुंट्या पिळायच्या.
तुम्ही इतकी वर्सं नुसत्याच पिळत बसला."
मॅडम हसल्या. वहीत लिहून घेतलं.

"एक इचारू?
सतारीला खाली तरफेच्या तारा असतात.
त्यांना कुणी हात लावत न्हाई.
वरची वाजली की त्या आपसूक बोलतात.
वरचीच चुकीची वाजली तर?"
मॅडमचा फोन वाजला.

एप्रिलात जोडणी झाली.
खरंच झाली, खोटं कशाला बोलू.
दोन यंत्रं मी खोक्यात घातली.
बेडगच्या मल्लव्वाचं एका अंगठ्यात
धान्य, पेन्शन, दवाखान्याचा कागद, सगळं उरकलं;
दोन खेपांचं एसटी भाडं वाचलं म्हणून
भडंगाची पुडी ठेवून गेली टेबलावर.

जूनमध्ये कुपवाडचे कुणी बाबालाल शिकलगार वारले.
नोंद करताना कुणाचं तरी बोट
एक ओळ खाली घसरलं.
दहा वाजता आमचे बाबालाल रेशनवर मयत.
साडेदहाला पेन्शनवर.
अकराला कार्ड, दवाखाना, बँक.
कुणी कुणाला हात लावला नव्हता.

"आधी तीन ठिकाणी अर्धा अर्धा होतो,"
स्टुलावर टेकत ते म्हणाले,
"आता चौफेर पुरा मेलो.
काम मात्र सुरात केलंय हं."

मी अर्ज केला. अर्जाला क्रमांक मिळाला.
प्रत्येक खातं म्हणे, आम्हाला पलीकडून आलं.
पलीकडं विचारलं, तर तेही पलीकडूनच.
मरण सगळीकडं पोचायला तास लागला होता,
माघारी यायची वाट
जोडताना कुणी ठेवलीच नव्हती.
मॅडमची बदली झालेली.
तरी रात्री नऊला त्यांचा फोन आला:
तरफेचं विचारणारे, तेच का हो?
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

एकेचाळीस दिवस.
रोज केंद्र बंद करून मी त्यांच्या दुकानात डोकावायची.
घोडीवर कानस मारायची, फुंकर घालायची,
मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा,
केसभर मागं, केसभर पुढं.
"ह्याला जीवा म्हणतात," एकदा म्हणाले.
"दोन पैशाचा दोरा.
जागेवर नसला तर तार नुसती वाजते,
बोलत न्हाई."

आज सकाळी आले, अंगठा सदऱ्याला पुसला.
मी काच पुसली.
"बघ बाई."
पडद्यावर चक्र फिरतंय.
समोर त्यांच्या दुकानात
कुणी गिऱ्हाईक तंबोरा छेडून बघतंय,
आणि ते मान न वळवता म्हणतात,
"पंचम उतरलाय त्याचा."